सात जणांचे चोवीस शब्द : ताबा कोणाचा, मालकी कोणाची?

गोदाकाठ (धागाकर्ते)

पंचवटीत आमचे एक वाचनमंडळ आहे. सभासद सात, बैठक दर दुसऱ्या रविवारी. २०२१ च्या आरंभी पैसा म्हणजे काय या विषयावर आमचे वाचन चालू होते. ज्याविषयी इतके वाचतो ते एकदा हाताळूनही पाहावे, असे ठरले आणि वर्गणीतील शिल्लक रकमेत प्रत्येकाने थोडी भर घालून आम्ही थोडे बिटकॉइन घेतले. ते खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर (एक्स्चेंजवर) न ठेवता हार्डवेअर वॉलेट या छोट्या यंत्रावर घेतले, यंत्राने दाखवलेले चोवीस इंग्रजी शब्द (यंत्र बिघडले तर त्यांच्यावरूनच पैसे परत मिळवता येतात) एका कागदावर उतरवले आणि ते पाकीट खजिनदारांच्या वाड्यातील जुन्या लाकडी कपाटात ठेवून दिले.

यंदा वैशाखात ते कपाट हलवले तेव्हा मागच्या फळीला वाळवी लागलेली दिसली. पाकिटाची एक कड खाल्ली गेली होती. तेवीस शब्द स्वच्छ वाचता येतात, चोविसाव्याची केवळ पहिली दोन अक्षरे उरली आहेत. यंत्र अजून चालते, त्यामुळे आज काही अडलेले नाही. पण यंत्र आधी बंद पडले असते तर काय झाले असते, या विचाराने बैठक बोलावली.

खजिनदारांचे म्हणणे असे की, नवी प्रत करावी आणि ती पूर्वीप्रमाणे त्यांच्याकडेच असावी. दुसऱ्या एका सभासदाने सातही जणांना पूर्ण प्रत द्यावी असे सुचवले, कारण पैसे सर्वांचे आहेत तर शब्दही सर्वांकडे असायला हवेत. त्यावर खजिनदार म्हणाले, "हा तर साम्यवाद झाला." आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद आयुष्यभर कामगार चळवळीत होते. ते म्हणाले, "हा साम्यवाद नाही आणि समाजवादही नाही. ही भिशी आहे." तेथून शब्दांचा विषय मागे पडला आणि रात्री साडेदहापर्यंत आम्ही समाजवाद आणि साम्यवाद यांच्या व्याख्यांवर बोलत राहिलो.

हे दोन प्रश्न दिसतात तितके वेगळे नसावेत, असे मला वाटते. म्हणून दोन्ही येथे एकत्र मांडतो. क्रिप्टो घ्यावे की न घ्यावे हा या धाग्याचा विषय नाही. त्यावर अन्यत्र पुष्कळ लिहून झाले आहे.

सातपूरचा फिटर

वाळवीचे वाचून आश्चर्य वाटले नाही. परदेशी लेखांत नेहमी आगीची भीती घातलेली असते. आपल्याकडे कागदाचे खरे शत्रू म्हणजे वाळवी, पावसाळी ओल आणि दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याला गठ्ठा देणारी आपलीच माणसे. त्यात आपला वाडा नदीजवळ. सप्टेंबर २००८ मध्ये आणि २ ऑगस्ट २०१६ रोजी सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरलेले पाणी ज्याने पाहिले आहे, त्याने असा कागद तळमजल्यावर ठेवू नये.

शब्द धातूवर उठवावेत. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी पुरते. हे स्टील १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, घराच्या आगीत सहसा तेवढी धग नसते. ॲल्युमिनियम घेऊ नये, ते ६६० अंशांना पाणी होते. तांबे १,०८५ अंशांपर्यंत टिकते, म्हणजे तांबट आळीतील पत्राही अगदीच टाकाऊ नाही, पण तो मऊ असल्यामुळे वाकतो. अक्षरांच्या पंचांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पट्टी जाड लोखंडी ठोकळ्यावर ठेवावी आणि एकाच घावात अक्षर उठवावे. मन भरले नाही म्हणून दुसरा घाव घातला की अक्षर दुहेरी उमटते.

भांडी बाजारात लग्नाच्या भांड्यांवर नावे घालून देणारे कारागीर आहेत आणि त्यांचा हात सुबक असतो, म्हणून एखाद्याला पट्टी त्यांच्याकडे न्यावीशी वाटेल. कृपया नेऊ नये. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही, परंतु हे शब्द ज्याच्या नजरेखालून जातात तो त्या धनाचा भागीदार होतो. अक्षरे वेडीवाकडी आली तरी चालतील, घाव स्वतः घालावा. ठोकण्याचा आवाज शेजारी जातो, हेही लक्षात घ्यावे. मी घरी मोटारीची नेमप्लेट करत आहे असे सांगितले होते.

शून्य एक

फिटरसाहेबांचे काम थोडे हलके करणारी एक गोष्ट सांगतो. हे शब्द २०१३ साली ठरलेल्या बीआयपी-३९ या मानकातून येतात. त्यातील इंग्रजी यादीत बरोबर २,०४८ शब्द आहेत आणि त्यांची निवड अशी केलेली आहे की, पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द निश्चित ओळखता येतो. त्यामुळे पट्टीवर पूर्ण शब्द न कोरता चार अक्षरे कोरली तरी भागते. शेजारी क्रमांक मात्र अवश्य उठवावा, कारण क्रम बदलला की शब्द निरुपयोगी होतात. काही जण गुप्तता म्हणून हे शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहून ठेवतात. तसे करू नये. दहा वर्षांनी कोणी वारस त्या उच्चारावरून स्पेलिंग जुळवायला बसेल तेव्हा त्याची दमछाक होईल. या मानकात जपानी, कोरियन, स्पॅनिश, चेक वगैरे भाषांच्या स्वतंत्र याद्या आहेत, मराठीची नाही.

आता आपल्या चोविसाव्या शब्दाविषयी. यादीत २,०४८ शब्द असल्यामुळे प्रत्येक शब्द ११ बिट (म्हणजे ० किंवा १ असे अकरा अंक) माहिती धरतो. चोवीस शब्दांचे २६४ बिट होतात. त्यांतील २५६ बिट हे खरे यादृच्छिक गुपित असते आणि उरलेले ८ बिट हा त्या गुपितावरून काढलेला ताळा असतो, जो शेवटच्या शब्दात बसवलेला असतो. म्हणजे शेवटच्या शब्दात गुपिताचे तीनच बिट असतात. तेवीस शब्द बरोबर ठाऊक असतील तर चोविसाव्या जागी ताळा जुळणारे नेमके आठच शब्द संभवतात, आणि दोन अक्षरे वाचता येत असल्यामुळे बहुधा एकच उरेल. वाळवीने आपल्यावर कृपाच केली म्हणायची. तिने मधला शब्द खाल्ला असता तरी ताळ्याच्या आधारे शोधता आला असता, मात्र तेव्हा नेमके आठ नव्हे तर सरासरीने आठ शब्द उरले असते.

हा शोध कोणत्याही संकेतस्थळावर शब्द टाइप करून घेऊ नये. ज्या संगणकाला इंटरनेट नाही आणि पुढेही जोडले जाणार नाही, तेथेच तो करावा. कागदाचा मोबाइलने फोटो काढू नये, कारण तो आपोआप क्लाउडवर जातो. फोटोंतील मजकूर वाचून असे शब्द हुडकणारी घातक ॲप्स २०२५ च्या सुरुवातीला अधिकृत ॲप स्टोअरमध्येही सापडली होती.

सात जणांना पूर्ण प्रत देण्याच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याने चोरीच्या जागा एकाच्या सात होतात, आणि पैसे गेले तर ते कोणी नेले हे कधीही सिद्ध करता येत नाही.

जुना बावटा

बैठकीतले ते ज्येष्ठ सभासद मी नव्हे. पण त्यांच्या जागी असतो तर मीही तेच बोललो असतो.

साम्यवाद या मराठी शब्दानेच पुष्कळ घोटाळा केला आहे. 'साम्य' म्हणजे सारखेपणा, म्हणून साम्यवाद म्हणजे सर्वांना सारखे वाटप, असा अर्थ लोक घेतात. मार्क्सने मात्र १८७५ मध्ये जर्मन कामगार पक्षाच्या गोथा कार्यक्रमावर टीका करताना सारख्या वाटपाच्या कल्पनेचीच उलटतपासणी केली. एक कामगार अविवाहित आहे, दुसऱ्यावर चार मुलांचा भार आहे. दोघांना सारखे दिले तर ते सारखे ठरते का, असा त्याचा प्रश्न होता. प्रगत साम्यवादी समाजासाठी त्याने जे सूत्र दिले ते "प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे" असे आहे. त्यात 'सारखे' हा शब्द नाही. त्याआधीच्या टप्प्यात माणसाला त्याने केलेल्या श्रमाच्या प्रमाणात मिळेल, असे त्याने म्हटले. या पहिल्या टप्प्याला समाजवाद म्हणण्याची रूढी पुढे लेनिनने १९१७ मध्ये पक्की केली. मार्क्स स्वतः हे दोन शब्द इतके काटेकोरपणे वेगळे करत नसे.

दुसरा गैरसमज असा की, खासगी मालमत्ता नको म्हणजे तुमचे घड्याळ आणि तुमची पैठणीही जाणार. वाद उत्पादनाच्या साधनांविषयी आहे, म्हणजे जमीन, कारखाना, खाण यांविषयी. नेसूचे वस्त्र कोणी मागितलेले नाही. सात मित्रांनी वर्गणी काढून एखादी वस्तू घेतली, तिच्यावर कोणी मजुरी करत नाही आणि तिच्यातून कोणाच्या श्रमाचे काही काढून घेतले जात नाही, तर तिला भिशी म्हणणेच रास्त आहे.

या वादात नाशिकचा वाटा मोठा आहे, आणि मंडळातील तरुणांना तो ठाऊक नसेल म्हणून सांगतो. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांचा जन्म १८९९ मध्ये निफाड तालुक्यातील करंजगावचा. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली ती १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या तुरुंगात. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे हे सगळे तेव्हा तेथे होते. त्याच समाजवाद्यांनी मार्च १९४८ मध्ये काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला तोही नाशिकच्या अधिवेशनात. शेतकरी कामगार पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला तो १९५० च्या दाभाडी प्रबंधाने, आणि दाभाडी आपल्या मालेगाव तालुक्यातली. एका जिल्ह्यात इतके वाद झाले, तर एका वाचनमंडळात साडेदहापर्यंत चर्चा चालणे हे फार नव्हे.

छापखान्यातला

नाशिकरोडच्या छापखान्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे असे समजतो. आमच्याकडे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्याआधी त्या इंग्लंडहून येत. कारखाना पूर्णपणे सरकारच्या मालकीचा. मग बावटेसाहेबांच्या व्याख्येप्रमाणे तो समाजवाद ठरतो का? इंग्रजांच्या काळातही तो सरकारचाच होता.

जुना बावटा

अगदी योग्य जागी बोट ठेवलेत. हाच प्रश्न मार्क्सचा सहकारी एंगेल्स याच्यापुढे जर्मनीत बिस्मार्कच्या काळात आला होता. सरकारने रेल्वे ताब्यात घेतली की लोक त्याला समाजवाद म्हणू लागले होते. त्यावर एंगेल्सने उपहासाने लिहिले की, तंबाखूचा धंदा सरकारने घेणे हा जर समाजवाद असेल, तर नेपोलियन आणि ऑस्ट्रियाचा मंत्री मेटरनिख यांनाही समाजवादाच्या संस्थापकांत बसवावे लागेल. सरकारीकरण आणि सामाजिकीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तू सरकारच्या हाती असणे हा ताबा झाला. ज्यांचे श्रम त्यात आहेत त्यांना तिच्याविषयी निर्णय घेता येतो का, यावरून मालकी ठरते. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते मला त्या वेळी योग्य वाटले आणि आजही वाटते, पण बँकेच्या खिडकीपलीकडील कारकून आणि अलीकडील खातेदार त्या बँकेचे मालक झाले, असे मी म्हणणार नाही.

द्राक्षबाग निफाड

बावटेसाहेबांनी ताबा आणि मालकी हे दोन शब्द आणले, त्यावर शेतकऱ्याला बोलायचे आहे, कारण आमचे अर्धे आयुष्य याच दोन शब्दांच्या फरकात जाते. सातबारावर भोगवटादार म्हणून नाव असते. जमीन प्रत्यक्षात कोण कसतो हे वेगळे असू शकते. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळांना जमिनीचे मालक मानण्यात आले. माझ्या आजोबांचा त्यापूर्वीही जमिनीवर ताबा होता. मालकी त्या कायद्याने आली. म्हणजे मालकी ही जमिनीत पुरलेली नसते, ती समाजाने आणि कायद्याने मान्य करावी लागते.

क्रिप्टोत मात्र ज्याच्या हाती ससा तो पारधी. शब्द ज्याच्याकडे, त्याचे पैसे. बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या साखळीला (ब्लॉकचेनला) तलाठी ठाऊक नाही, वारसनोंद ठाऊक नाही, आणि शब्द कोणी विश्वासाने दिले की कपाटातून चोरले हेही ठाऊक नाही. मला वाटते, तुमच्या खजिनदारांचा आणि सात प्रती मागणाऱ्या सभासदांचा गोंधळ एकच आहे. दोघांनीही ताब्यालाच मालकी समजले. एकाला ती एकाच ठिकाणी सुरक्षित वाटते आणि दुसऱ्याला ती सात ठिकाणी न्याय्य वाटते.

सामाईक विहिरीचे उदाहरण घ्या. चार भावांची विहीर असली तर प्रत्येकाची पाळी असते, मोटारीचा खर्च वाटलेला असतो, पण त्यांपैकी एकालाही विहीर एकट्याने विकता येत नाही. सामाईक म्हणजे 'प्रत्येकाची पूर्ण' असे नव्हे.

गोदाकाठ (धागाकर्ते)

विहिरीचे उदाहरण पुढच्या बैठकीत मी जसेच्या तसे मांडणार आहे. पण तांत्रिक बाजूने 'कोणालाही एकट्याने विकता येऊ नये' अशी सोय होते का? एका सभासदाने कागदाचे तीन तुकडे करून आठ-आठ शब्द तिघांकडे देण्याचे सुचवले आहे.

शून्य एक

तुकडे करू नयेत. एक तुकडा हरवला की सगळेच हरवते. हे टाळण्यासाठी काही जण तिघांपैकी कोणत्याही दोघांकडे मिळून सर्व शब्द असतील अशी वाटणी करतात, म्हणजे प्रत्येकाकडे दोन-तृतीयांश शब्द असतात. बारा शब्दांच्या बाबतीत ही वाटणी घातक ठरते. एकाकडे आठ शब्द असतील तर चारच अज्ञात उरतात, म्हणजे ४४ बिट. त्यातून ताळ्याचे ४ वजा केले की ४० बिट. एवढे अंदाज संगणकाने तपासणे शक्य कोटीतले आहे. चोवीस शब्दांत हा आकडा ८० बिटपर्यंत जातो आणि आज ते सुरक्षित आहे, तरी २५६ बिटांचे कुलूप घेऊन त्याचे ८० करून ठेवण्यात शहाणपण नाही.

योग्य मार्ग दोन आहेत. पहिला, आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेली गुपित विभागण्याची गणिती पद्धत. तिच्यात सातपैकी चार भाग एकत्र आले तरच गुपित उलगडते आणि तीन भाग हाती असलेल्याला त्यातून काहीही कळत नाही. स्लिप-३९ या मानकात ती वापरली आहे. त्याची यादी वेगळी, १,०२४ शब्दांची आहे आणि प्रत्येक भाग वीस किंवा तेहतीस शब्दांचा असतो. या पद्धतीची उणीव अशी की, खर्च करण्याच्या वेळी चारही भाग एका यंत्रात भरावे लागतात आणि त्या क्षणी संपूर्ण गुपित एकाच जागी असते.

दुसरा मार्ग मल्टिसिगचा. येथे किल्ल्याच (म्हणजे व्यवहारावर सही करणारी गुपितेच) वेगळ्या असतात, प्रत्येकीचे चोवीस शब्द वेगळे असतात, आणि ठरलेल्या संख्येइतक्या सह्या झाल्याशिवाय व्यवहार होत नाही. पूर्ण सत्ता कोणत्याही क्षणी एका टेबलावर येत नाही. एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. पाचपैकी तीन सह्यांचे वॉलेट पुन्हा उभे करायचे तर तीन किल्ल्यांचे शब्द पुरत नाहीत. पाचही किल्ल्यांच्या सार्वजनिक बाजूची माहिती लागते. ती वेगळी नोंदवून ठेवली नाही, तर शब्द हाती असूनही पैसे सापडणार नाहीत. या नोंदीने पैसे खर्च करता येत नाहीत, केवळ शिल्लक पाहता येते, म्हणून ती सातही जणांना निर्धास्तपणे देता येईल.

पंचविसावा शब्द म्हणून जो पासफ्रेज, म्हणजे स्वतः ठरवलेला जादा परवलीचा शब्द, वापरतात, त्याविषयीही सावध करतो. तो चुकला तर यंत्र चूक दाखवत नाही, दुसरेच रिकामे वॉलेट उघडते. सात जणांच्या मंडळात त्यावरून एकमेकांवर संशय घेण्याची वेळ येईल.

जुना बावटा

शून्य एक यांना एक शंका विचारतो. पॅरिस कम्यूनने, म्हणजे पॅरिसमधील कामगारांच्या अल्पकाळच्या राजवटीने, १८७१ मध्ये केलेली जी गोष्ट मार्क्सला मोलाची वाटली, ती म्हणजे निवडून दिलेला प्रतिनिधी केव्हाही परत बोलावता येण्याची तरतूद. समजा पाच किल्लीधारक नेमले आणि पुढच्या वर्षी त्यांतील एक बदलायचा ठरला, तर त्याच्याकडून किल्ली परत घेता येते का?

शून्य एक

नाही. हा या धाग्यातील सर्वांत चांगला प्रश्न आहे. कपाटाची किल्ली परत घेता येते, वाचलेले शब्द परत घेता येत नाहीत. पट्टी परत दिली तरी त्याने एक प्रत ठेवली नसेल याची खात्री कोण देणार? धारक बदलायचा तर नव्या किल्ल्यांचे नवे वॉलेट तयार करून सगळी रक्कम तिकडे हलवावी लागते, आणि त्यासाठी उरलेल्या धारकांपैकी तिघांच्या सह्या लागतात. म्हणजे परत बोलावण्याचा अधिकार आहे, पण प्रत्येक वेळी घर बदलावे लागते.

आपण विषय काढलाच आहे म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. बिटकॉइनचा मसुदा ३१ ऑक्टोबर २००८ रोजी जागतिक बँकसंकटात प्रसिद्ध झाला आणि त्यामागे सरकारच्या नोटछपाईवर अविश्वास होता. म्हणून तर एकूण संख्या २ कोटी १० लाखांवर बांधलेली आहे. मार्क्सवाद्यांच्या अंतिम समाजातही राज्यसंस्था विरून जाते. राज्य नको असे दोघेही म्हणतात, मग हे दोन प्रवाह इतके विरुद्ध का?

जुना बावटा

कारण राज्य गेल्यावर मागे काय उरावे, यावर मतभेद आहे. तुमच्या मंडळींना राज्य जावे आणि खासगी मालकी उरावी असे वाटते, तीही इतकी निखळ की न्यायालयालाही तिला हात लावता येऊ नये. आमच्या मते खासगी मालकीच्या रक्षणासाठीच राज्य जन्माला येते, म्हणून ती गेल्याशिवाय राज्य जाणार नाही. आणि अंतिम अवस्थेत पैसाही उरणार नाही, मग तो नाशिकरोडला छापलेला असो की संगणकाने काढलेला. तसा समाज कोणी उभा केला का, असे आपण विचाराल. नाही. सोव्हिएत संघाने १९६१ च्या कार्यक्रमात १९८० पर्यंत साम्यवाद मूलतः उभा करू असे म्हटले होते. तो देश नावानेही शेवटपर्यंत 'समाजवादी' प्रजासत्ताकांचा संघच राहिला. हे अपयश मी झाकत नाही. उमेदीची वीस वर्षे मी त्याचे समर्थन करण्यात घालवली.

द्राक्षबाग निफाड

दोन्ही पक्ष शेवटी राज्य नको म्हणतात आणि भाव पडला की आम्हाला मात्र राज्याकडेच जावे लागते, एवढे नमूद करून ठेवतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्यांच्या हाती लाल झेंडे होते, पण त्यांची मागणी वनजमिनीचा कागद आपल्या नावावर व्हावा अशी होती.

वकीलकाकू

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. क्रिप्टो हे भारतात वैध चलन नाही, पण बाळगणे गुन्हाही नाही. बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. नफ्यावर ३० टक्के कर २०२२ पासून आहे, वर उपकर आणि लागू असल्यास अधिभार, आणि एकाचा तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती ताब्यात ठेवता येते आणि विश्वस्त म्हणूनही सांभाळता येते, असे म्हटले आहे. द्राक्षबाग यांना जो फरक सांगायचा होता, तो आता न्यायालयानेही मान्य केला आहे असे समजायला हरकत नाही.

म्हणून किल्ल्या कशाही वाटा, एक लेखी करार अवश्य करा. कोणाचा किती हिस्सा, खर्चाचा निर्णय किती मतांनी, सभासद वारल्यास वारसाला काय, धारकाने गैरव्यवहार केल्यास दायित्व कोणाचे, हे सर्व त्यात यावे. पाचपैकी तिघे मिळून चौघांना लुटू शकतात. ते गणिताने थांबत नाही, त्यासाठी कागद लागतो. शब्द मात्र करारातही लिहू नयेत आणि मृत्युपत्रातही लिहू नयेत. मृत्युपत्र न्यायालयात सादर झाले की ते अनेकांच्या नजरेखालून जाते. पट्टी कोठे आहे आणि तिचे काय करायचे एवढेच वारसाला कळावे.

आणि संविधानाविषयी, कारण विषय समाजवादाचा आहे. 'समाजवादी' हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला. तो काढावा म्हणून झालेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या आणि भारताच्या संदर्भात त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता असा घेतला. त्यामुळे खासगी उद्योगाला मज्जाव होत नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि विमा ही राज्याची मक्तेदारी असावी असे सुचवले होते. त्या मानाने आजचा 'समाजवादी' हा शब्द फारच मवाळ आहे.

गोदाकाठ (धागाकर्ते)

हा धागा सुरू केल्यापासून मला दोन व्यक्तिगत निरोप आले. दोघांनीही शेवटचा शब्द 'मोफत शोधून देण्याची' तयारी दाखवली आणि त्यासाठी उरलेले तेवीस मागितले. व्यवस्थापकांना कळवले आहे. इतरांनीही अशा निरोपांना उत्तर देऊ नये.

सातपूरचा फिटर

तेवीस दिल्यावर त्यांना चोविसावा शोधायला एक क्षणही लागला नसता.

गोदाकाठ (धागाकर्ते)

काल बैठक झाली. पाच किल्ल्या, तीन सह्या असे ठरले. यंत्रांचा खर्च वाढला, पण दोन किल्ल्या हरवल्या तरी अडत नाही, हे सर्वांना पटले. पाच पट्ट्या पाच घरांत राहतील, त्यांपैकी एकही तळमजल्यावर नाही. सार्वजनिक बाजूची नोंद सातही जणांना दिली, त्यामुळे सर्वांना प्रत हवी म्हणणाऱ्या सभासदांना आता शिल्लक केव्हाही पाहता येते. त्यांचे म्हणणे असे की, त्यांना खरे तर एवढेच हवे होते. रक्कम हलवण्याआधी सर्व यंत्रे पुसून केवळ पट्ट्यांवरून वॉलेट पुन्हा उभे करून पाहिले; दुसऱ्या प्रयत्नात जमले, पहिल्या वेळी एका पट्टीवर ७ चा १ वाचला गेला होता.

काकूंनी सांगितलेला करार पाचशेच्या मुद्रांकावर होणार आहे. त्यात 'खजिनदार' हा शब्द ठेवायचा की 'किल्लीधारक' म्हणायचे यावर अर्धा तास गेला. खजिनदारांनी स्वतःच शेवटी 'किल्लीधारक' मान्य केले, मात्र हा साम्यवाद आहे हे आपले मत कार्यवृत्तात नोंदवून घेतले. ज्येष्ठ सभासदांनी त्याखाली आपली असहमती नोंदवली.

फिटरसाहेबांना एक विचारायचे राहिले. खजिनदारांच्या पट्टीवर एक अक्षर उलटे उमटले आहे. नवी पट्टी घ्यावी का?

सातपूरचा फिटर

वाचता येत असेल तर राहू द्यावे. नवी घेतली तर जुनी घरातील कोणीतरी भंगारवाल्याला देणार. घ्यायचीच असेल तर आधी जुनीवरची सर्व अक्षरे ग्राइंडरने पूर्ण घासून काढा, आणि ते काम ग्राइंडरवाल्याकडे देऊन नुसते शेजारी उभे राहू नका, ग्राइंडर स्वतः चालवा.